प्रवाळांच्या टाकीत चरणारा मासा

पहिला कोरल ब्यूटी, म्हणजे ड्वार्फ एंजल गटातला एक छोटा समुद्री मासा, माझ्या प्रवाळांच्या टाकीत तीन आठवडे राहिला आणि तेवढ्या अवधीत त्याने झोअँथिड या फुलांच्या ताटव्यासारख्या दिसणाऱ्या मऊ प्रवाळाची सुमारे साठ फुले मिटवून टाकली. दुसरा मासा त्याच जातीचा, त्याच विक्रेत्याकडून आणलेला. तो गेली पाच वर्षे त्याच काचेआड, त्याच झोअँथिडच्या पिलावळीशेजारी राहतो आहे आणि क्वचित एखादी टोच मारण्यापलीकडे त्याने त्यांना काही केलेले नाही. ड्वार्फ एंजल प्रवाळ खातो का, असे कोणी विचारले की मला हे दोन्ही मासे आठवतात आणि होय किंवा नाही असे एका शब्दातले उत्तर देणे जड जाते. जातीचा स्वभाव, त्या एका माशाची सवय आणि टाकीत त्याला दिवसभर चरायला काय मिळते, या तीन गोष्टींपैकी शेवटचीच काय ती आपल्या हातात असते, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे तीच सर्वांत वजनदार ठरते.

प्रथम माशाची ओळख करून देतो, कारण गोव्यातील बाजारात ‘एंजल’ म्हटले की दुकानदार हमखास गोड्या पाण्यातील, उभट अंगाचा आणि लांब परांचा मासा पुढे करतो. तो अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला मासा असून त्याचा या समुद्री माशाशी नावापुरताच संबंध आहे. समुद्री एंजलांचे कूळ पोमॅकँथिडी या नावाने ओळखले जाते. ग्रीक भाषेत पोमा म्हणजे झाकण आणि अकँथा म्हणजे काटा, आणि कल्ल्यांच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यातून मागे निघालेला एक दणकट काटा ही या कुळाची खूण होय. दिसायला जवळच्या अशा फुलपाखरू माशांना तो काटा नसतो. या कुळातील मोठे मासे फूटभर किंवा त्याहून अधिक वाढतात; परंतु सेंट्रोपायजी या प्रजातीतील तीसहून अधिक जाती बहुधा तळहातावर मावतील एवढ्याच राहतात, म्हणून त्यांना ड्वार्फ म्हणजे बुटके एंजल म्हणतात. केशरी-तांबड्या अंगावर काळे उभे पट्टे असलेला फ्लेम, अर्धा पिवळा व अर्धा गडद निळा बायकलर, पूर्ण पिवळा लेमनपील आणि माझ्याकडचा कोरल ब्यूटी हे त्यांतील नेहमी दिसणारे प्रकार. कोरल ब्यूटीचे डोके व पर गर्द जांभळे-निळे, कूस नारिंगी-किरमिजी आणि तिच्यावर बारीक उभ्या रेघा असतात. त्याची लांबी साधारण १० सेंटिमीटरपर्यंत जाते आणि पूर्व आफ्रिकेपासून थेट पॅसिफिकमधील तुआमोतू बेटांपर्यंत तो आढळतो.

या माशांची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्व हिंदी महासागरात, आपल्या अंदमानच्या बाजूला, आयब्ल्स एंजल नावाची याच प्रजातीतील एक जात राहते, आणि तेथील एका सर्जनफिशची पिल्ले लहानपणी हुबेहूब तिचा रंग धारण करतात. ड्वार्फ एंजल खडकांच्या फटींतून इतक्या चपळाईने शिरतो आणि गालाला असा काटा बाळगतो, की शिकारी मासे त्याच्या नादी लागत नसावेत आणि त्याचा वेष पांघरणाऱ्यालाही त्याचे संरक्षण मिळत असावे, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. पुढे मोठे झाल्यावर ते सर्जनफिश स्वतःच्या रूपात येतात.

आता चरण्याविषयी. ड्वार्फ एंजल मुख्यतः खडकावर वाढणारे केसाळ शैवाल, त्यात अडकलेला सेंद्रिय गाळ आणि त्या गाळात राहणारे सूक्ष्म जीव खातो. तो एका जागी बसून पोटभर जेवत नाही. उजाडल्यापासून मावळेपर्यंत एका खडकावरून दुसऱ्या खडकावर जात, प्रत्येक ठिकाणी एकदोन टोची मारत, तो आपली हद्द पुन्हा पुन्हा चाळत असतो. एका रविवारी मी घड्याळ लावून त्याच्यासमोर बसलो होतो. दहा मिनिटांत मी ऐंशीच्या वर टोची मोजल्या आणि मग मोजणे सोडून दिले. मस्कतला असलेल्या माझ्या मावसभावाने व्हिडिओवर हे दृश्य पाहिले तेव्हा तो म्हणाला, “दादा, हें नुस्तें न्हय, बोकडी!” त्याची उपमा मला पटली. बकरीला मोकळे रान मिळाले नाही तर ती अंगणातली तुळस खाते. तिला तुळस विशेष आवडते असे नाही, समोर तेवढेच हिरवे असते.

पहिल्या माशाच्या बाबतीत मी नेमके हेच केले होते. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे, म्हणजे कागदावर सुमारे १९० लिटर, आणि वाळू, खडक व वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी १५० लिटरच्या आसपास. मासा आणला तेव्हा ती सुरू होऊन चारच महिने झाले होते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, काचा स्वच्छ, खडक पांढरेशुभ्र. उच्च माध्यमिकच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला आवडावी अशी ती टाकी होती, आणि त्या माशाच्या दृष्टीने मात्र तो उघडा माळ होता. दिवसातून एकदा थोडे गोठवलेले मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, मी टाकत असे आणि ते खाऊन मासा धष्टपुष्ट दिसे, त्यामुळे तो उपाशी असेल ही शंकासुद्धा मला आली नाही. दुसऱ्या आठवड्यात झोअँथिडची एक बाजू मिटलेली दिसली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण पिलावळ मिटून तपकिरी गाठींसारखी झाली.

येथे एक गोष्ट मला उशिरा कळली. माशाने त्या फुलांचे लचके तोडले नव्हते. बऱ्याचदा त्याला हवे असते ते प्रवाळाच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव आणि त्याला चिकटलेला गाळ. परंतु प्रत्येक टोचीबरोबर पॉलिप, म्हणजे पिलावळीतले ते एकेक फूल, आपली मिशाळ तबकडी मिटून घेतो आणि पुन्हा उमलायला त्याला वेळ लागतो. त्याच्या शरीरात राहणारे झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल प्रकाशापासून साखर तयार करते आणि तिच्यावरच त्याचे बहुतांश पोषण चालते. दिवसभर कोणी दार ठोठावत राहिले तर ते दार मिटूनच राहते, आणि मिटलेल्या पॉलिपपर्यंत प्रकाश पोचत नाही. साठ पॉलिप खाल्ले गेले नाहीत. ते प्रकाशाविना खंगले. मासा मी मडगावच्या एका मित्राला दिला. त्याच्या टाकीत प्रवाळ नव्हते आणि खडक जुने, शेवाळलेले होते. तेथे तो मजेत राहिला.

त्यानंतर वर्षभर मी एंजल आणला नाही आणि टाकी जुनी होऊ दिली. माझे खडक घरी केलेले आहेत: पांढरे सिमेंट, शिंपल्यांचा भरडा आणि आगरवाड्याच्या मिठागरातले जाडे मीठ कालवून ओतलेले गोळे. मीठ पाण्यात विरघळून गेले की त्याच्या जागी छिद्रे उरतात. सिमेंटचा क्षार निघून जाण्यासाठी ते दोन महिने गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे लागतात आणि पाणी वरचेवर बदलावे लागते. घाई केली तर टाकीचा पीएच भलताच चढतो. असे कोरे खडक नैसर्गिक दिसायला, म्हणजे त्यांच्यावर गुलाबी चुनखडी शैवाल, तपकिरी थर, बारीक केसाळ शेवाळ आणि त्यात वळवळणारे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव येण्यास, वर्ष तरी लागते. या काळात मी पुढची काच सोडून बाकीच्या तीन काचा घासणे बंद केले. पत्नीला ते गलिच्छ वाटले आणि तिने तसे बोलूनही दाखवले. पण आज तो मासा सर्वांत जास्त वेळ त्या मागच्या काचेवर घालवतो.

याशिवाय एक व्यवस्था मी सुरू केली, आणि ती मला स्वतःच्या इतर सगळ्या उपायांपेक्षा अधिक उपयोगी वाटते. सज्जातील वीस लिटरच्या पारदर्शक टबात टाकीतून काढलेले खारे पाणी, एक हवेचा पंप आणि मुठीएवढे आठ खडक ठेवले आहेत. सकाळचे ऊन त्यांच्यावर पडते आणि पंधरा दिवसांत ते हिरवे होतात. दर शनिवारी त्यांतले दोन टाकीत जातात आणि टाकीतले दोन बोडके झालेले टबात परततात. आमच्याकडे याला कुरणाची पाळी असे नाव पडले आहे. हिरवा खडक आत ठेवताच मासा पहिला अर्धा तास दुसरीकडे बघतसुद्धा नाही.

प्रवाळांच्या निवडीविषयी लिहिण्यापूर्वी कायद्याची बाब स्पष्ट केली पाहिजे, कारण घरी येणारे पाहुणे हटकून म्हणतात की गोव्याच्या किनाऱ्याजवळील ग्रांद बेटाभोवती प्रवाळ आहेत, मालवणला तर आहेतच, मग विकत कशाला घ्यायचे. प्रवाळभित्ती बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांचा समावेश २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला, म्हणजे वाघाच्या पंक्तीला ती बसली. समुद्रातून तुकडा तोडून आणणे हा गुन्हा आहे, आणि किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मृत सांगाडा शोभेसाठी उचलून आणणेही टाळावे. यासाठीच मी खडक घरी केले आणि यासाठीच माझ्या टाकीत कठीण प्रवाळ एकही नाही. मशरूम, लेदर आणि झोअँथिड एवढेच मऊ प्रकार आहेत आणि ते सर्व दुसऱ्या हौशी लोकांच्या टाकीत वाढलेल्या पिलावळीची कलमे, म्हणजे आमच्या भाषेत फ्रॅग, म्हणून आलेले आहेत.

योगायोगाने हीच मंडळी ड्वार्फ एंजलला सर्वांत सोयीची ठरतात. लेदर प्रवाळाच्या शरीरात टर्पेनॉइड वर्गातील कडू, विषारी द्रव्ये असतात आणि मासा त्याला एकदा चाखून नाद सोडतो. मशरूमचा स्राव त्याला विशेष रुचत नाही. झोअँथिडच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून राहावे लागते. याउलट मांसल पॉलिपांची कठीण प्रवाळे, म्हणजे मेंदूसारख्या वळ्यांची, फुगीर ओठांची, ही या माशासाठी वाढलेले ताट असतात. मस्कतच्या मावसभावाने तेथील परवानाधारक दुकानातून अशी चार आणली होती आणि त्यांच्यात फ्लेम एंजल सोडला होता. त्याने दोन महिन्यांत चारांपैकी तिघांच्या कडा सोलून पांढरा सांगाडा उघडा केला. बारीक पॉलिपांच्या फांद्यांची प्रवाळे यापेक्षा बरी टिकतात, परंतु त्यांना लागणारे अतिशय निर्मळ पाणी आणि या माशाला लागणारा शेवाळी थर या दोन गोष्टी एकाच लहान टाकीत नांदवणे कठीण असते. मऊ प्रवाळांना थोडे पोषक पाणी मानवते. माझ्याकडे नायट्रेट लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम असते, आणि या आकड्यांवर लेदर उमलतो, शेवाळही वाढते. नायट्रेट शून्यावर आणण्याच्या हट्टापायी मी एकदा मशरूम आक्रसवून घेतले होते.

माशावर खोटा आळ घेण्याचा प्रसंगही एकदा आला. दुसरा मासा सोडून महिना झाला असेल, तेव्हा मोठ्या लेदरने आपले सर्व पॉलिप आत ओढले आणि तो पाच-सहा दिवस निर्जीव चामड्यासारखा पडून राहिला. मासा त्याच्यावर मधून मधून टोच मारताना दिसत होता, त्यामुळे पुरावाही तयार होता. मी मासा पकडण्यासाठी सापळा लावला. सातव्या दिवशी लेदरच्या अंगावरून मेणासारखा पातळ पापुद्रा सुटून प्रवाहात वाहून गेला आणि संध्याकाळपर्यंत तो पूर्वीपेक्षा टवटवीत उमलला. लेदर अधूनमधून अशी कात टाकतो, हे मी वाचलेले होते. पण डोळ्यांसमोर आरोपी असला की वाचलेले आठवत नाही. मासा त्या सुटणाऱ्या पापुद्र्यावरचे शेवाळ खात होता, एवढेच.

टाकीत कोणाला कधी सोडावे, याविषयी दोन परस्परविरोधी सल्ले ऐकू येतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. इतर माशांच्या संदर्भात ड्वार्फ एंजल शेवटी सोडावा. तो आकाराने लहान असला तरी हद्दीच्या बाबतीत जमीनदार असतो. आधी स्थिरावला की नंतर येणाऱ्या गरीब माशाला खडकाच्या कोपऱ्यात डांबतो. प्रवाळांच्या संदर्भात मात्र तो आधी असावा, निदान महत्त्वाच्या प्रवाळांच्या आधी. ज्या माशाने काच आणि खडक चरण्याची वहिवाट पाडून घेतली आहे, त्याच्यासमोर नवे कलम ठेवले तर तो एकदा चौकशी करून पुढे जातो. प्रवाळांनी भरलेल्या टाकीत उतरलेला भुकेला मासा मात्र पहिल्या दिवसापासून प्रवाळ चाखू लागतो. नवीन कलम मी प्रथम प्लॅस्टिकच्या जाळीखाली चार दिवस ठेवतो आणि ते नीट उमलू लागल्यावरच जाळी काढतो.

एवढ्या टाकीत ड्वार्फ एंजल एकच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. निसर्गात एक नर आणि त्याच्या हद्दीत राहणाऱ्या काही माद्या असा त्यांचा कबिला असतो. सगळे मासे आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतात आणि नर नाहीसा झाला की सर्वांत मोठी मादी काही आठवड्यांत नर बनते. संध्याकाळी उजेड मंदावताना नर मादीला खडकावरून वर नेतो आणि दोघे पाण्यात अंडी व शुक्र सोडून क्षणात खाली परततात. हे सारे वाचून जोडी ठेवण्याचा मोह मलाही झाला होता. परंतु तीन फुटांत हरलेल्या माशाला पळायला जागा नसते, आणि दोन नर एकत्र आले तर एकाचा मृत्यू ठरलेला असतो. अंड्यांतून पिल्ले मिळवणे हा तर वेगळाच व्यवसाय आहे. त्यांचे तोंड इतके बारीक असते की नेहमी दिले जाणारे रोटिफर नावाचे सूक्ष्म जीवही त्यात मावत नाहीत आणि कोपेपॉडची नुकती जन्मलेली पिल्ले वाढवून द्यावी लागतात. हवाईमध्ये फ्रँक बेन्श यांनी या शतकाच्या सुरुवातीला ते साध्य केले. तरीही बाजारात येणारे बहुतेक ड्वार्फ एंजल आजही समुद्रातून पकडलेलेच असतात.

यामुळे खरेदीच्या वेळी मासा कसा पकडला गेला असेल याचा विचार करावा लागतो. आग्नेय आशियातील काही भागांत सायनाइड फवारून, मासा गुंगवून पकडण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे. असा मासा दुकानात खातो-पितो, रंगानेही चांगला दिसतो आणि तीन-चार आठवड्यांनी कारण न कळता मरतो. बाहेरून ओळखण्याची खात्रीची खूण नाही, म्हणून मी दुकानदाराला मासा आणल्यानंतर तीन आठवडे ठेवून घ्यायला सांगतो आणि त्याबद्दल जास्त पैसे देतो. दुसरा कोरल ब्यूटी असाच घेतला. मी तो तीन वेळा जाऊन पाहिला आणि तिन्ही वेळा तो टाकीच्या तळाची काच टोचत होता. खाणारा मासा घ्यावा असे सगळे सांगतात; हा मासा घेताना मात्र चरणारा पाहून घ्यावा.

रात्रीच्या बसने थर्मोकोलच्या पेटीत आलेल्या माशाच्या पिशवीत दोन गोष्टी साठलेल्या असतात: माशाने टाकलेला अमोनिया आणि त्याच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच उतरतो आणि अमोनिया बराचसा निरुपद्रवी अमोनियम आयनाच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढू लागतो आणि पीएच एका अंकाने वाढला की विषारी अमोनियाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते. म्हणून अशा प्रवासानंतर तासन्‌तास थेंब थेंब पाणी मिसळत बसणे म्हणजे माशाला त्याच विषात बसवणे होय. मी दुकानदाराला फोन करून पिशवीतल्या पाण्याची क्षारता विचारतो, वेगळ्या टाकीत तेवढ्याच क्षारतेचे पाणी आधीच तयार ठेवतो, पिशवी न उघडता पंधरा मिनिटे तरंगवून तापमान जुळवतो आणि मग मासा थेट उचलून आत सोडतो. उचलण्यासाठी जाळे वापरू नये. गालाचा तो काटा जाळ्यात असा अडकतो की शेवटी जाळे कात्रीने कापावे लागते; पहिल्या माशाच्या वेळी मी ते केले आहे. प्लॅस्टिकचा डबा पुरतो.

या वेगळ्या टाकीत मासा चार आठवडे राहतो. खाऱ्या पाण्यातील पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीमुळे होतो, आणि प्रवाळांच्या टाकीत तो शिरला तर त्यावर तांब्याचे औषध टाकता येत नाही, कारण तांबे प्रवाळांना मारते. ड्वार्फ एंजललाही तांबे सोसत नाही असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. त्यामुळे पहिले बारा दिवस मी दर बहात्तर तासांनी मासा एका टबातून दुसऱ्या कोरड्या केलेल्या, ताजे पाणी भरलेल्या टबात हलवतो. माशावरून गळून पडलेले परजीवी मागच्या टबात राहतात आणि त्यांची पुढची पिढी बाहेर पडण्याआधी मासा निघून गेलेला असतो. कष्टाचे काम आहे, पण औषधाचा थेंब लागत नाही.

आता मी राहतो त्या फोंड्याच्या हवेविषयी. समुद्र इतका जवळ असताना मीठ विकत घेऊन पाणी कशाला करतोस, हा प्रश्न मला मासळी विकणाऱ्या बाईंपासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांनी विचारला आहे. मिरामारचा किनारा मांडवीच्या मुखावर आहे, आणि जूननंतर घाटावरून उतरणारे लाल पाणी तेथे असे मिसळते की क्षारता कमालीची खाली येते आणि पाणी गढूळ होते. उन्हाळ्यात ते बरे असते, परंतु वर्षातून चार महिने बंद पडणाऱ्या पुरवठ्यावर टाकी चालवता येत नाही. मी आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारा डीआयोनायझर लावलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३७ ग्रॅम तयार मीठ घालतो. दर आठवड्याला १५ लिटर पाणी बदलतो, म्हणजे साडेपाचशे ग्रॅम मीठ लागते. क्षारता हजारी ३५ आणि तापमान शक्यतो २६ अंशांवर ठेवायचा प्रयत्न असतो.

तो प्रयत्न एप्रिल-मे महिन्यांत हरतो. कोरड्या प्रदेशातील हौशी लोक टाकीवर पंखा लावून पाणी सहज तीन अंशांनी उतरवतात; आमच्याकडे हवाच इतकी दमट असते की पाण्याची वाफ होता होत नाही आणि दीड अंश उतरला तरी समाधान मानावे लागते. शिवाय पंख्यामुळे दिवसाला तीन लिटर पाणी उडते आणि मीठ मागेच राहते, त्यामुळे भर गोड्या पाण्याची घालायची असते, खाऱ्या पाण्याची नव्हे. ही चूक नवखे लोक हमखास करतात. पाणी ३० अंशांवर बरेच दिवस राहिले की प्रवाळातील झूझँथेली बाहेर टाकली जाऊ लागते आणि प्रवाळ फिकट पडतो. दोन उन्हाळे पंख्यावर काढल्यानंतर मी पाणी थंड करणारा चिलर घेतला, आणि तो टाकीपेक्षा महाग पडला.

पावसाळ्यात उष्णतेची चिंता मिटते आणि विजेची सुरू होते. एका आषाढातल्या रात्री झाड पडून वीज गेली, इन्व्हर्टरची बॅटरी माझ्याच हलगर्जीपणामुळे पाण्याअभावी सुकलेली होती आणि पहाटे चारला जाग आली तेव्हा मासे पृष्ठभागाशी तोंड लावून होते. मी आणि पत्नी उजाडेपर्यंत आळीपाळीने तांब्याने पाणी उपसून वरून ओतत राहिलो. कोरल ब्यूटी वाचला, एक गोबी नावाचा छोटा मासा गेला. तेव्हापासून बॅटरीवर आपोआप चालू होणारा हवेचा पंप टाकीला कायम जोडलेला असतो. त्याची किंमत त्या गोबीपेक्षा कमी होती.

खाद्याच्या बाबतीत गोव्यासारखी सोय मात्र कोठे नसेल. ताजी सुंगटे (कोळंबी), माणके (माकुळ) आणि थोड्या तिसऱ्या बारीक वाटून, त्यात नोरी या वाळवलेल्या समुद्री शैवालाचा चुरा आणि स्पिरुलिना निम्म्याहून अधिक प्रमाणात मिसळून, आगरमध्ये थापून पातळ वड्या पाडतो आणि गोठवतो. हणजुणेच्या खडकांवर पावसाळ्यानंतर उल्वा नावाचे हिरवे शैवाल पातळ कागदासारखे पसरते. किनारा स्वच्छ असेल तर त्यातले मूठभर गोड्या पाण्यात धुऊन आणतो आणि मासा ते नोरीपेक्षा आवडीने खातो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि चांगली सुंगटे मिळत नाहीत, म्हणून लोक मे महिन्यात घरासाठी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात तसा मी या माशासाठीही भरतो. प्रश्न येतो तो त्यानंतर. श्रावणात आमच्या घरात नुस्तें, म्हणजे मासळी, शिजत नाही आणि आईच्या मते ते फ्रिजमध्येही असता कामा नये. “श्रावणांत फ्रिजांत नुस्तें? काड तें भायर,” असा हुकूम झाल्यावर दोन वर्षे मी वड्यांचा डबा शेजाऱ्यांकडे ठेवत होतो. तिसऱ्या वर्षी मी फक्त नोरी, स्पिरुलिना आणि वाटलेले वाटाणे यांच्या निव्वळ शाकाहारी वड्या केल्या. महिनाभर मासा त्यांवर आणि कुरणाच्या खडकांवर राहिला, एक ग्रॅमही उतरलेला दिसला नाही, आणि आता त्याचा श्रावण नियमाने पाळला जातो. आई त्याच्याकडे पूर्वीपेक्षा प्रेमाने बघते.

गेल्या महिन्यात त्याने झोअँथिडच्या उजव्या कडेची सहा-सात फुले पुन्हा टोचायला सुरुवात केली. पाच वर्षांनंतर हे का, याचा शोध घेतला तेव्हा लक्षात आले की परीक्षेच्या कामामुळे मी तीन शनिवार कुरणाची पाळी चुकवली होती आणि टबातले खडक हिरवेगार होऊन पडून होते. दोनऐवजी चार खडक एकदम आत ठेवले. सात फुलांपैकी पाच उमलली आहेत, दोन अजून मिटलेली आहेत, आणि त्यांच्यावर मी जाळी घालून ठेवली आहे.